बसत नाही

सत्तावीस वर्षं मी या घरात सूप ढवळते आहे.
ओहायोतलं कॉलेजचं गाव, पांढऱ्या खांबांचं घर,
कपाळावर तीन ग्रीक अक्षरं.
मुली एकमेकींना ‘सिस्टर’ म्हणतात,
मला ओपल. त्यांच्या आईहून मोठी आहे, तरी ओपल.
त्याचं काही नाही. मी माझी पायरी ओळखून आहे :
पुढच्या दाराला सात, संगमरवरी.
मागच्या दाराला एकही नाही, नुसता सिमेंटचा उतार.
त्यावरून बटाट्यांची पोती येतात,
दुधाचे क्रेट येतात
आणि मी.

सप्टेंबरात नव्या मुली निवडायचे दिवस.
लॉनवर टाळ्या, आरोळ्या, पांढरे फ्रॉक,
एकाच साच्यातून पाडलेली बिस्किटं.
त्या रांगेत इमोजीन टॅलबट,
मोहरीच्या रंगाचा शर्ट, चाकांची खुर्ची.
सात पायऱ्यांपाशी रांग अडली.
दोघी धावल्या : आम्ही उचलून नेतो ना तुला!
ती म्हणाली, “मी सोफा नाहीये.”
मग केंड्राने, ती अध्यक्ष,
मागचं दार सुचवलं,
घरातलं आजारपण सांगावं तशा आवाजात.

तर ती माझ्याकडून आली.
जमिनीवर पीठ सांडलेलं. तिच्या चाकांनी
ओट्यापासून दिवाणखान्यापर्यंत दोन रेघा ओढल्या.
“बटाट्यांचीही मुलाखत घेतात का?”
मी म्हटलं, “नासका असला तरच परत पाठवते.”
हसली. जाताना गरम पाव मागून घेतला.
रेघा मी पुसल्या नाहीत. वेळ नव्हता, असं समजा.

रात्री मतदान. मी कॉफी घेऊन आत-बाहेर.
वाईट कुणी बोललं नाही. इथे वाईट कुणीच बोलत नाही.
गोड आहे, म्हणाल्या. हुशार आहे. धीराची आहे.
फक्त
आपल्यात बसत नाही.

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
काळ्या मुलीसाठी ऐकलंय, जाड मुलीसाठी,
डोक्याला रुमाल बांधणारीसाठी,
जिची मैत्रीण नुसती मैत्रीण नव्हती तिच्यासाठी,
रात्री पेट्रोल पंपावर काम करणारीसाठी.
आणि दरवेळी मी कप भरले
आणि बाहेर पडले.
तेही कुठेतरी लिहून ठेवा.

कोपऱ्यातून प्रिसिला युन म्हणाली,
“बसत नाही म्हणजे?
आल्यापासून बसलेली तीच एक होती.
खुर्चीसुद्धा स्वतःची घेऊन आली.
आपणच उभ्या होतो.”
कुणी हसलं. कुणी मोबाइल पाहिला.
चार मतांनी इमोजीन गेली.

दुसऱ्या दिवसापासून प्रिसिला मागच्या दाराने येऊ लागली.
भाषण नाही, फलक नाही.
बूट झटकायचे, “हाय ओपल”, एक गाजर उचलायचं.
आठवड्यात तिघी झाल्या.
थँक्सगिव्हिंगपर्यंत अकरा, आणि माझ्या किचनमध्ये
दप्तरांचा ढीग, ओले मोजे, रडारड, गणितं.
पुढच्या सात पायऱ्यांवर मेपलची पानं कुजली,
कुणी झाडली नाहीत.
जानेवारीत एकदा केंड्रा आली, उंबऱ्यात थांबली, म्हणाली,
“इथे ऊब आहे.”
मी म्हटलं, “आधीपासून होती.”

एप्रिलमध्ये सुतार आला.
उतार झाला, देवदाराच्या फळ्यांचा, थेट पुढच्या दारापर्यंत.
फोटो निघाले. केक मीच केला.
इमोजीनला आमंत्रण गेलं.
ती आली. संथपणे वर चढली, मध्ये थांबून
एक खिळा वर आलाय म्हणून दाखवला.
दारात आल्यावर सगळ्यांकडे पाहिलं, एकेकीकडे.
“अजून ठरवलं नाही,” म्हणाली,
“तुम्ही माझ्यात बसता का, ते बघायला आलेय.”

पुढचं मला ऐकू आलं नाही.
सूप उतू जात होतं.
मी धावले, आणि माझ्यामागे कुणीतरी,
चाकं होती की बूट, कळलं नाही,
ओपल नव्हे, मिसेस हॅगर्टी म्हणून हाक मारली.
माझं आडनाव
यांना कुणी सांगितलं?